पाचव्या मजल्यावरची ओली भिंत

भूतबित मी मानत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला भलत्याच रांगेत बसवाल. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला माणूस, सगळी नोकरी बांधकामावर उभं राहून केलेली. घरात पाण्याचा आवाज येतो म्हणणाऱ्यांना मी टाकीचा कॉक बदलायला सांगतो. भिंतीवर चेहरा उमटला म्हणून अंगारा आणणाऱ्या एका गृहस्थांना मी स्वतः वर नेऊन दाखवलं होतं, की वरच्या बाथरूमची लाइन लीक आहे. ओल हा माझा विषय आहे. ती वरून येते, खालून येते, नाहीतर बाजूने येते. याशिवाय चौथ्या बाजूने ओल आलेली मी पाहिली नव्हती.

आणि दुसरं म्हणजे... मला या प्रकाराची भीती वाटली नाही. किळस आली. अजून येते. एवढं लिहून मी एकदा उठून हात धुऊन आलो आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नागपुरात बर्डीचा मेन रोड सोडून आत वळलं की मोदी नंबर एक, दोन अशा नंबरांच्या गल्ल्या लागतात, त्यातलीच एक गल्ली. कोणती ते सांगत नाही, तिथे लोक राहतात. त्या गल्लीत तेव्हा सगळ्यात उंच काय होतं, तर एक कडुनिंब. बाकी कवेलूंच्या छपरांची बैठी घरं, एक छापखाना, एक सायकलवाला, आणि टोकाला भागाबाईचा म्हशींचा गोठा. भर शहरात नऊ म्हशी. मेन रोडवर सिनेमाचा शो सुटून गर्दी उसळलेली असायची आणि तिथून पन्नास पावलांवर ही बाई म्हशीखाली बसलेली असायची. दुपारी चारला दुसरं दूध निघायचं. गल्लीतल्या बायका गंज, म्हणजे पातेली, घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या, घरोघरच्या भानगडी तिथे निघायच्या, दूध संपलं की पांगायच्या.

मी ज्या बिल्डरकडे नोकरीला होतो त्यांना आम्ही नुसतं मालक म्हणायचो. त्यांनी गोठ्यासकट ती जागा घेतली. सात मजले, लिफ्ट, अठ्ठावीस फ्लॅट. गल्लीतली पहिलीच अशी इमारत. बैठ्या घरांतले भाडेकरू काही ना काही घेऊन निघून गेले. भागाबाई मात्र हलेना. विधवा बाई, गोठा सासऱ्याच्या वेळेपासूनचा. "म्हशी घेऊन मी कुठं जाऊ? माडीवर चढवू का?" एवढंच ती विचारायची. भांडायची नाही. मी मोजमाप घ्यायला गेलो की गवळ्याच्या घरचा तो घट्ट चहा द्यायची. मी प्यायचो.

पुढे त्या उन्हाळ्यात आमचं खोदकाम सुरू झालं आणि गोठ्यामागची नाली तुंबली. गल्लीचं सगळं सांडपाणी त्या नालीत यायचं. ते गोठ्यात भरलं. पावसाळा नव्हता, म्हणजे जे भरलं ते पाणी नव्हतं. तुम्ही जेवायच्या वेळी वाचत नसाल अशी आशा करतो. म्हशी गुडघाभर काळ्या घाणीत आठ-दहा दिवस उभ्या होत्या. बसायला कोरडी जागा नाही, म्हणून बसत नव्हत्या. भागाबाई बादलीनं उपसायची आणि तेवढंच पुन्हा भरायचं. खूर सडले. दूध घ्यायला येणाऱ्या बायका पदर नाकाला लावून कोपऱ्यावरूनच परत जायला लागल्या. कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी नावाची म्हैस होती, ती एका दुपारी त्यातच आडवी झाली, उठली नाही. तिला ओढून न्यायला गाडी आत येईना, कारण गल्लीच्या तोंडाशी आमच्या गिट्टीचा, खडीचा, ढीग पडलेला. मे महिन्याच्या उन्हात ती दोन दिवस तशीच होती. त्याचं वर्णन करत नाही.

तिसऱ्या दिवशी भागाबाई उरलेल्या म्हशी घेऊन भर दुपारी मेन रोडवरून कामठी रोडच्या दिशेनं चालत गेली. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. एकजण ओरडून म्हणाला की बरं झालं, घाण गेली.

इमारत दोन वर्षांत उभी राहिली. मालक माझ्यावर खूश होते. पाचव्या मजल्यावरचा, पश्चिमेच्या बाजूचा फ्लॅट त्यांनी मला सवलतीत दिला. बायको सुशीला, साडेतीन वर्षांची मुलगी बबली आणि मी, असे आम्ही राहायला गेलो. गॅलरीतून सीताबर्डीचा किल्ला दिसायचा. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पण वर्षभरात त्या इमारतीची जी दशा झाली तीही सांगितली पाहिजे. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. लिफ्टच्या आरशावरसुद्धा. वरच्या मजल्यावरून लोक उष्टं, सालपटं, लहान मुलांची घाण पुडीत बांधून सरळ खाली फेकायचे, ते सायकलवाल्याच्या टपरीवर पडायचं. बारा घरांसाठी केलेली नाली, तिच्यावर आता अठ्ठावीस संडास. गटाराचं चेंबर दर महिन्याला उसळायचं. शेजारी आणखी दोन इमारतींचे पाये खोदायला घेतले होते. पूर्वी घाण म्हणून म्हशींना हाकललं त्याच गल्लीतून आता टाय लावलेली माणसं पँट वर धरून, विटांवर पाय ठेवत जायची. आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. चार वाजता गंज घेऊन उभं राहायला जागाच नव्हती.

आमच्या घरात ते सुरू झालं पहिल्याच मे महिन्यात.

स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत बाहेरची आहे. पलीकडे मोकळी हवा. त्या भिंतीत एकही पाइप नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण पाइप माझ्या देखरेखीखाली पडले होते. नागपूरचा मे. पिळलेलं धोतर पंधरा मिनिटांत कडक वाळतं. अशा दिवसांत एका दुपारी त्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या जरा वर, परातीएवढा ओला डाग दिसला. साडेचारच्या सुमाराला. संध्याकाळी तो वाळला. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा.

मी बोट लावलं. ते पाणी नव्हतं. बोट उचललं तर तार आली. वास घेतला... सरकीची ढेप आणि भिजलेलं कुटार, गुरांपुढे टाकतात ते. आणि त्याच्या खाली आणखी एक वास, तो मी ओळखला, पण स्वतःशीसुद्धा कबूल केला नाही.

रामदास मिस्त्रीला बोलावलं. त्यानं प्लास्टर फोडलं, आतली वीट कोरडी ठणठणीत. वॉटरप्रूफिंग घालून नवीन प्लास्टर केलं, वर ऑइल पेंटचे दोन हात मारले. चौथ्या दिवशी पेंट गेला. पापुद्रे निघाले असते तर मी समजू शकलो असतो. तो खालून वर घासून गेला होता, पंज्याएवढ्या रुंदीचे खरखरीत पट्टे, एकावर एक. रामदासनं ते पाहिलं, थापी पोत्यात गुंडाळली आणि म्हणाला, "साहेब, दुसरा मिस्त्री पाहून घ्या जी."

"का? काय झालं?"

"काही नाही. मले हे काम जमत नाही."

सुशीला काटोलकडच्या खेड्यातली, गुराढोरांत वाढलेली. ती दोन दिवस भिंतीकडे नुसती बघत होती. मग सहज बोलावं तशी म्हणाली, "हे वल नोहे जी. हे चाटलेलं हाय."

"कोणी चाटलेलं?"

"जनावर चाटते ना भित. लोना लागला असला का मिठासाठी चाटते. आमच्या कोठ्यात अशाच भिती होत्या."

"आपण पाचव्या मजल्यावर आहोत, सुशीला."

"ते मले दिसून राहिलं," ती म्हणाली.

मी तिला हसलो नाही. हसायला हवं होतं खरं तर. त्या दिवसापासून मला त्या स्वयंपाकघरात घास गिळेना. ताटातलं वरण चकाकलं तरी मला ती तार आठवायची. दूध तर मी बंदच केलं.

मग तो रविवार आला. मी घरीच होतो. बबलीला आतल्या खोलीत कूलरसमोर झोपवलं होतं. सुशीला गच्चीवर पापड वाळत घातले होते ते काढायला गेलेली. माझा जरा डोळा लागला. उठलो तर बबली जागेवर नव्हती. स्वयंपाकघरात त्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती.

तिचे डाव्या बाजूचे सगळे केस खालून वर चापून बसले होते, ओले, चिकट. गाल लाल, पॉलिशपेपर घासावा तसा. कानापासून भिंतीपर्यंत लाळेची एक जाड तार लोंबत होती, माझ्या डोळ्यांदेखत ती मधोमध तुटली. केसांत कुटाराच्या दोन काड्या. आणि तो वास, ज्याचं नाव मी घेतलं नव्हतं. नालीचा. आठ-दहा दिवस साचलेल्या नालीचा.

मी मुलीला उचलायला हवं होतं. मी बेसिनकडे गेलो आणि ओकलो. बाप म्हणून मी काय केलं, तर ते केलं.

सुशीला खाली आली तेव्हा मी बेसिन धरूनच उभा होतो. तिनं बबलीला कडेवर घेतलं, गाल पाहिला, केस हुंगले. घाबरली नाही. "जनावर आपल्या पिल्लाले असंच चाटते," ती हळू आवाजात म्हणाली. "व्याल्याबरोबर. पिल्लू उभं राहावं म्हणून."

मग माझ्याकडे वळली. "इथं पयले काय होतं जी?"

मी सांगितलं, गोठा होता. नाली तुंबली, एक म्हैस मेली, बाई निघून गेली.

"नाली कायनं तुंबली?"

वर मी तुम्हालाही तसंच लिहिलं आहे, की नाली तुंबली. तुंबली नव्हती. मालक एकदा साइटवर मला म्हणाले होते, "त्या बाईचं काहीतरी टेक्निकल बघ." बाकी काही बोलले नाहीत, मलाही विचारावं लागलं नाही. दोन पोत्यांत ओला माल, कालवलेलं सिमेंट-वाळू, भरून मी ती नाली रस्त्याखालून जाते त्या मोरीच्या तोंडात कोंबली. माझ्या हातानं, कारण मजुराला सांगितलं असतं तर बोभाटा झाला असता. कॉर्पोरेशनचा माणूस आला त्याला खोदकामाचं परमिट दाखवलं. गिट्टीचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी मीच रिकामा करायला लावला. भागाबाई गेली त्याच संध्याकाळी पोती ओढून काढली. तासाभरात सगळं उतरलं.

हे सगळं मी त्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहून बायकोला सांगितलं. बबलीचं डोकं पुसायला मी टॉवेल पुढे केला, तशी सुशीला दोन पावलं मागे सरली.

"पोरीले हात नका लावू. पयले हात धुवा."

मी धुतले.

"अजून धुवा."

मी साबण लावून पुन्हा धुतले. ती बघत होती. मग मुलीला घेऊन बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं माहेरी गेली.

तीन आठवड्यांनी परत आली ती एका अटीवर, की आपण त्या बाईला शोधायचं. जरीपटक्याच्या पुढे, कामठी रोडवर विचारत विचारत गेलो. एका पत्र्याच्या छपराखाली ती सापडली. दोनच म्हशी उरल्या होत्या. मला पाहून ती उठली नाही, पण सुशीलाला बसायला पोतं टाकलं. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली, पोत्यांचं, मोरीचं. तिनं मधेच थांबवलं.

"मले ठाऊक हाय ना. तुमी पोतं कोंबून राहिले होते तवा मी मांगंच उभी होती."

"मग बोलल्या का नाहीत?"

"बोलून का होते? तुमी इंजिनेर. तुमी म्हटलं असतं, नाली आपोआप तुंबली."

मला आठवलं, त्याच दुपारी मी तिच्याकडे चहा प्यालो होतो. पोती कोंबून, हात झटकून. तिनं तो करून दिला होता.

सुशीलानं तिला भिंतीचं सांगितलं, मग बबलीचं. भागाबाई बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"चांदी गाभन होती, बाई," ती शेवटी म्हणाली. "दिवस भरत आले होते. नाली भरली तवापासून तिनं गव्हाणीत तोंड नाही घातलं. नुसती भित चाटे. पोरगी बरी हाय ना तुई?"

"बरी हाय."

"मंग झालं. भितीपाशी थोडं जाडं मीठ ठेवत जाय."

मी म्हणालो, तुम्ही एकदा घरी या, पूजा-शांत काय असेल ते करू, मी सगळं करतो. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"मी येत नाही. अन् तुमी आता निंगा साहेब. मले तो वास येऊन राहिला."

"इथे कुठे वास आहे?"

"तुमच्या अंगाले," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये सुशीला माझ्या शेजारी बसली नाही. जागा होती.

तिनं मीठ ठेवायला सुरुवात केली. पितळेच्या ताटलीत मूठभर जाडं मीठ, भिंतीच्या कडेला, दुपारी साडेतीनला. पाच वाजता ताटली रिकामी आणि ओली असायची. भिंत कोरडी राहायला लागली. सुशीला ती ताटली राखेनं घासून उपडी ठेवायची, जणू घरातल्याच कोणाची. तिला काही त्रास नव्हता. बबलीलाही नव्हता. मी मात्र तिसऱ्या महिन्यात हात टेकले. दुपारी घरी असलो तर जिन्यात जाऊन बसायचो, त्या लाल पिचकाऱ्यांमध्ये. मला ती ताटली बघवायची नाही. शेवटी मीच हट्टानं फ्लॅट विकला. सुशीला म्हणाली होती, "मी इथं राहू शकते. तुमालेच राहवत नाही." मालकांची नोकरीही नंतर सोडली. आता मानेवाड्याकडे बैठ्या घरात राहतो.

ज्यांना फ्लॅट विकला त्यांना मी दोनदा जाऊन आडून आडून विचारलं. काही नाही. भिंत कोरडी, त्यांनी टाइल्स लावल्या आहेत. वासाबद्दल विचारलं तर म्हणाले, चेंबर उसळलं की येतो, सगळ्या गल्लीलाच येतो. त्या वेळी फोडलेल्या प्लास्टरचा तुकडा मी कॉलेजच्या एका मित्राला तपासायला दिला होता. त्यानं सांगितलं, साधा माल आहे, क्षार नेहमीचेच. मी मनानंच ते सगळं रचलं म्हणावं, तर रामदास मिस्त्रीनं पाहिलं, सुशीलानं पाहिलं, आणि मुलीच्या गालावरचा लालपणा डॉक्टरनं पाहून मलम दिलं. पाचव्या मजल्यावर, कोरड्या विटेवर, पाइप नसलेल्या भिंतीत ती ओल कुठून आली हे मला सांगता येत नाही. कोणा वाचकाला येत असेल तर त्यांनी जरूर कळवावं.

बबली आता सातवीत आहे. तिला हे आठवत नसेल असं मी धरून चाललो होतो. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांची गाय व्याली, ती वासराला चाटत होती ते आम्ही फाटकात उभे राहून बघत होतो. मी तोंड फिरवलं. बबली म्हणाली, "मले असं केलं होतं ना बाबा कोनीतरी, त्या उंच घरात. मी लहान होती तेव्हा. मले वाटलं आईच आहे. गरम गरम होतं."

मी विचारलं, "घाण नाही वाटली तुला?"

"घाण काहून वाटंन?" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत थांबली.

याचं उत्तर मला माहीत होतं. ते न देता मी हात धुवायला आत गेलो.